घराण्यात कुणाला?

डॉक्टरीणबाई विचारतात, घराण्यात कुणाला दमा?
अण्णांना, मी म्हणतो.
त्या लिहून घेतात.

अण्णांचं नाक मला आलं, तसंच श्रीरंगालाही,
डाव्या भुवईतला तो उभा राहणारा केससुद्धा.
श्रीरंग रेसिडेन्सीत, सरकारी क्वार्टरात,
दाराशी चिंच आणि दोन कडुनिंब.
जिना चढतो, आणि चढता चढता
फोनवर भांडतोही.

मी पाटनीपुऱ्यामागे,
डाळमिलच्या भिंतीला भिंत लावून.
चारला मिलचा पंखा लागला
की तुरीची साल उडते, पिठाहून बारीक.
वाळत्या परकरांवर, दह्याच्या सटावर.
आई म्हणायची, झाका रे, सोनं पडतंय.

पलीकडे बद्रीलाल कुशवाह.
मुरैन्याची माणसं, छाती म्हणजे नगारा.
सात पिढ्यांत कुणी खोकललं नव्हतं, शपथेवर सांगतात.
मला दम लागला सहाव्या वर्षी,
त्यांना इथं येऊन वीस वर्षं लागली.
दूध वेगळं. विरजण गल्लीचं.
माझं लवकर आंबलं एवढंच.
श्रीरंगाचं अजून गोड आहे.

रात्री दोनला मी खोकलो
की भिंतीतून उत्तर येतं.
कधी त्यांचा पंप संपतो, कधी माझा.
खिडकीतून हात येतो:
भिया, है क्या?

बाई, अजून एक नाव लिहा, मी म्हणतो.
बद्रीलाल.
त्या पेन थांबवतात. नातं?
भिंत.
त्या हसतात. मीही हसायला जातो
आणि ढास लागते.