कोरडी गाठ

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात, क्ष-किरणांच्या मागल्या खोलीत
काचेचं एक कपाट आहे, हात जातील एवढंच उघडं.
दर बुधवारी मी त्याच्यापुढे बसते.

हातमोज्यांचे दोन जोड. एक बाहीच्या आत, एक बाहीवरून.
कुपीचं झाकण उडवते, बूच पुसते,
अडॅप्टर सरळ धरून दाबते.
टक्.
हा टक् ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.
शिकवायला आलेल्या बाईनं एवढं सांगितलं
आणि परतीची गाडी पकडली.
बाकीचं मी कुपीकडून शिकले.

औषध लाल आहे. आगळासारखं.
शिरोड्याच्या वृंदा रेडकर त्याचं नाव घेत नाहीत,
"आज लाल आसा काय गो?" एवढंच.
तिसऱ्या खेपेपासून त्यांच्या घरी सोलकढी होत नाही.

सिरिंजमधून पाणी आत सोडलं की
कुपीतल्या हवेला कुठेतरी जायचंच असतं.
ती बाजूच्या चिमुकल्या फुग्यात जाते.
फुगा फुगतो, जाळ्यात सापडलेल्या केंडासारखा,
आणि तसाच राहतो, कुणाला काही न करता.
मग सिरिंज सोडवायची. जोड कोरडा.
एक थेंब नाही. थेंबाचा वासही नाही.

पूर्वी हे नव्हतं.
केळुसकर सिस्टर खिडकीशी उभं राहून उघड्या सुईनं भरायच्या,
उजेड तिथेच बरा म्हणून.
सुई निघताना बुचातून फुस्स व्हायचं,
आणि वारा बंदराकडून असला तर ते तोंडावर.
त्यांची दोन मुलं पोटातच गेली.
कशानं, ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही नाही.
मला माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.
खिडकीला आता खिळे मारलेत.

माझी आई कॅम्पातल्या कारखान्यात काजी फोडायची.
बोटांना राख, राखेखाली तेल, तरी चीक उतरायचाच.
"चिकाक भियाचां गो, काजीक नाय,"
म्हणायची, आणि सालं निघालेल्या हातानं
मला पांढराशुभ्र गर द्यायची.
रेशनवरचं यंत्र आज तिचा अंगठा ओळखत नाही.
दुकानदार म्हणतो, पुसा, परत ठेवा.
ती पदराला पुसते, परत ठेवते.
जे पुसलंच गेलंय ते आणखी पुसून कसं यायचं?

मागल्या आषाढात अडॅप्टर संपले. घाटात दरड होती.
डॉक्टर म्हणाले, एक दिवस सुईनं भर, काय होतंय.
मी नाही म्हटलं.
आवाज माझाच होता, पण जरा उशिरा ओळखू आला.
बाहेर बाकावर वृंदाताई, दोन एसट्या बदलून आलेल्या,
मांडीवर घडी केलेली चादर.
पावणेसहाला बाबल कुडाळहून चार नग घेऊन आला,
रेनकोटच्या आत, पोटाशी धरून.
तोवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.
सुई लागल्यावर म्हणाल्या,
"तुका तुज्या जिवाची काळजी. माजा काय."
मी काही बोलले नाही.
दाराशी नाझनीन फरशी पुसत होती,
पाचवा महिना, अजून कुणाला न सांगितलेला,
मला फक्त तिच्या वाकण्यावरून कळलेला.

काम झालं की सगळं पिवळ्या डब्यात:
कुपी, फुगा, तो कोरडा जोड.
मोजे उलटे करत काढायचे,
बाहेरचं आत जाईल असे.
हात धुवायचे. परत धुवायचे.

जाताना हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवते.
हिरवा दिवा लागतो, माझं नाव येतं, आडनाव चुकीचं.
मी अंगठा उगाच
अजून थोडा वेळ तसाच ठेवते.