निमित्त

खडकी बाजारात चिकन तोलता तोलता
अस्लमने विचारलं, पाऊण किलो, तेही बोनलेस?
काय निमित्त?
मी म्हटलं, असंच.
चौतीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रॉन मोजले,
खोटं बोलताना मात्र माप चुकतं.
त्यानं एक तुकडा जास्तीचा टाकला.

मंगळवारी कोर्टातून कागद आला.
तिघांनी आळीपाळीनं वाचला
आणि फ्रिजवर, गॅसच्या पावत्यांखाली सरकवला.
रात्री हेमांगी म्हणाली,
बाबा, गुरुवारी मैत्रिणींना बोलावते.
ते करू या, चिकन आणि चीजचं,
ओव्हनमधून खदखदत बाहेर येतं ते.
डिप म्हणतात त्याला.
शैला उठून आतल्या खोलीत गेली.
दार लावलं नाही. लोटलं.

ओव्हन टेम्पोतून परत आलेला,
भांड्यांच्या तीन पोत्यांसोबत.
रुखवतात मीच मांडला होता,
खोक्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढून.
चार वर्षांत थर्माकोलसुद्धा निघालं नव्हतं.
त्यांच्याकडे चालायचं नाही, एवढंच म्हणाली ती
आणि करकरत ओढून काढलं.
खोकं मी माळ्यावर टाकलं, बोटांसकट.

मिरीदाणे, तमालपत्र घालून चिकन उकडलं.
रेषेच्या दिशेनं ओढलं की धागे सुटतात,
आडवं ओढलं की तुटतात.
सागवानाचं हे मला ठाऊक होतं.
बोटं पोळत होती.
गार तर होऊ दे, बाबा.
मी होऊ दिलं नाही.

मग रात्रभर मलमलीत टांगलेला चक्का,
श्रीखंडाचाच, पण साखरेच्या वाटेला न गेलेला.
मेयॉनीज. किसलेलं चीज, हात आखडता न घेता.
लसूण, आणि व्हिनेगरमध्ये वाटलेली ब्याडगी,
कारण मोबाईलवरच्या बाईचा तो लाल सॉस
खडकीत मिळेना, आणि कॅम्पात जायला
हेमांगी तयार नव्हती.
तिकडे त्याचं ऑफिस आहे.
वर कांद्याची पात, त्यावर पुन्हा चीज.
एकशेऐंशी अंश, वीस मिनिटं.

गुरुवार असून वीज गेली नाही.
आम्ही दोघं ओव्हनसमोर फरशीवर बसलो,
काचेला नाक लावल्यासारखे.
आधी बराच वेळ काहीच होत नाही.
मग कडेला एक बुडबुडा.
मग सगळी कड हलायला लागते,
मधला भाग अजून गार, घट्ट,
काहीच न कळलेला.
कडेनंच सुरू होतं सगळं, हेमांगी म्हणाली.
कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

रुक्साना आली, डेझी आली,
कडेवर पोर घेऊन शर्वाणी आली.
ब्रूनचे भाजलेले काप, खारी, गाजराचे तुकडे,
सगळ्यांचे हात एकाच भांड्यात,
चीजच्या तारा हनुवटीपर्यंत.
केक आणायचा राहिलाच की, कुणीतरी म्हणालं.
दुसरी म्हणाली, आणला असता,
पण त्यावर लिहायचं काय?
तेवढ्यापुरतं शांत झालं.
तेवढ्यात हेमांगीनं मोठा घास घेतला.
तोंड पोळल्यावर माणूस हा-हा करतो
तशी ती करत राहिली,
पाणी घेऊन धावलो मी.
जवळ गेल्यावर कळलं, हसतेय.

अकरानंतर स्वयंपाकघरात उजेड दिसला.
शैला ओट्यापाशी उभी,
रिकामं भांडं पोटाशी धरून
उलथन्यानं कोपरे खरवडत होती.
करपून तांबूस झालेलं, कडक चीज.
मला बघून थांबली नाही.
मीठ कमी पडलंय, म्हणाली.
आणि मोठा पापुद्रा सोडवून
माझ्यापुढे धरला.
उजवा हात साबणाचा होता,
मी डावा पुढे केला.

एरवी बोलली असती.