पावाचा चुरा

वुच या शब्दाचा अर्थ होडी.
शहरात मात्र नदी दिसत नाही.
होत्या त्या गिरण्यांनी जमिनीखाली ढकलल्या,
तिथे त्या अजून वाहतात
ट्रामच्या रुळांखालून, आपापल्या वेळेनं.

आम्ही बसतो जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर.
चौघीजणी, एक हीटर,
आणि भिंतीला टाचलेला कागद:
ती कोण आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.
तो हालश्कानं लावला,
कारण पहिल्याच आठवड्यात मी
पडदा गुलाबी करून ठेवला होता
आणि कोपऱ्यात एक फूल.
कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

पाळीची नोंद ठेवणारं अ‍ॅप. एवढंच काम.
एवढंच म्हणता म्हणता हिवाळा सरला.

वापरून बघायला बायका यायच्या.
बेकरीतली जिस्वावा, वय त्रेपन्न,
आमच्या एवढ्याशा हीटरपाशीही घामाघूम.
म्हणाली, तुमचं हे चाक अठ्ठावीस घरांचं,
माझी कधी एकोणिसाव्या दिवशी, कधी सत्तराव्या.
मी बसू कुठे?
आम्ही चाक मोडलं.
त्या जागी नुसती दोरी आली.
हवी तिथे गाठ मारा.

मिरेलाला दिवस गेले होते.
अकराव्या आठवड्यात तेही गेले.
तिचं जुनं अ‍ॅप मात्र थांबेना:
आज तुमचं बाळ लिंबाएवढं.
आज सफरचंदाएवढं.
पुसायला जावं तर विचारी, नक्की?
पुन्हा विचारी, नक्की ना?
"तीनदा हो म्हटलं," मिरेला म्हणाली,
"तरी कुठेतरी, कुणाच्या तरी यंत्रात
ते फळ अजून पिकतंय.
आणि उद्या कुणी दारात येऊन विचारलं,
काय झालं त्याचं?"
तिचा आवाज खाली गेला.
या देशात का, ते आम्हा चौघींना
समजावून सांगावं लागलं नाही.

वॉर्सातून एक गृहस्थ आले, पैसे घालणारे.
माहिती साठवता कुठे?
तिच्याच फोनमध्ये.
आणि तिनं पुसली तर?
पुसली.
मग तुमच्या हातात उरतं काय?
हालश्का म्हणाली, कॉफीची किटली. साखर किती घालू?

इकडच्या बायका पाळी आली की म्हणतात, मावशी आली.
लहानपणी मला वाटे, ही आमची ओतिलिया मावशीच
दर महिन्याला घरोघर जाते,
म्हणून तर बिचारी एवढी थकते.
ती थकायची इथेच, या जिन्यांवर,
कताई खात्यात पाळ्या बदलून बदलून,
आणि एक पाळी अंगातली, तिला रजा नव्हती.
तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं,
रोजच्या चौकटीत एकेका संताचं नाव,
नावांखाली पेन्सिलीचे ठिपके, मुंगीएवढे.
एका सकाळी तिनं पावातला मऊ गर काढला,
बोटांत मळला,
आणि मार्चमधले ठिपके पुसून टाकले.
कागदाला चरासुद्धा पडला नाही.
चुरा खिडकीत चिमण्यांना घातला.
काय पुसलंस गं?
माझं होतं ते, म्हणाली,
आणि चहाचं आधण ठेवलं.

बटणावरून आमचं भांडण झालं.
चुकून दाबलं गेलं तर? मी म्हणत होते.
विचारायचं नाही, हालश्का म्हणत होती, एकदासुद्धा नाही.
शेवटी बटणच काढून टाकलं.
आता पुसायचं तर बोट ठेवून घासावं लागतं
थोडा वेळ, गोल गोल,
गर मळावा तसं.
चुकून होत नाही,
आणि कुणी जाबही विचारत नाही.

मिरेलानं काल करून बघितलं.
दोरीवरची एक गाठ फिकी झाली, मग नाहीशी.
तिनं फोन ओठांजवळ नेला
आणि पडद्यावर हलकी फुंकर मारली.
काचेवर काहीच नव्हतं.
तरी तिनं मारली.