सारखं

बिस्मार्क. विधानभवनाचा सहावा मजला, जानेवारी.
खिडकीबाहेर उणे सत्तावीस आणि गोठलेली मिझुरी.
आम्ही दोघी विधेयकाची मुद्रितं तपासतो:
मी मोठ्यानं वाचते, ओडेल दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल धरून ऐकते.
कंस उघडा. एक, आडवी रेघ, पेंटिल.
कंस बंद. तीन, आडवी रेघ,
थांब ओडेल, पाणी पिते जरा.

अशी बेचाळीस नावं.
धड माणसाला ती उच्चारता येत नाहीत.
उच्चारायची गरजही नाही; पेट्रोल पंपावर
बोट दाखवलं की पुरतं: च्युइंगमच्या शेजारचं ते,
हिरव्या पोपटाचं, तेवीस डॉलरचं.
पाकिटाच्या पाठीवर बारीक टायपात:
मानवी सेवनासाठी नाही.
सवयीनं मी तेही तपासलं.
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

समितीपुढं प्रयोगशाळेच्या आर्डिस व्होल्मर बोलल्या.
मागच्या अधिवेशनात पाच रेणूंवर बंदी घातलीत, आभार.
मे महिन्यात सहावा आला.
शेपटीला एक फ्लोरिन, बाकी तोच.
आमचं यंत्र त्याला ओळखेना, तुमचा कायदा तर नाहीच नाही.
कुठंतरी दूर एक माणूस आपला कायदा वाचत बसलाय, त्या म्हणाल्या,
आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन.

(आमचं विधिमंडळ दोन वर्षांतून ऐंशी दिवस भरतं.
वरात केव्हाच पुढं गेली, आणि आम्ही इथं
घोड्याला नाल ठोकायचा ठराव मांडतो,
अनुमोदन मिळतं,
घोडं पुढच्या बैठकीवर ढकललं जातं.)

सिनेटर ट्वेटन पेशानं लिलाववाले, गुरांचे.
त्यांना घाई कळते. म्हणाले, मग सरळ लिहा ना,
हे, आणि ह्याच्यासारखं सगळं.
वकील उठले: सारखं म्हणजे किती सारखं?
दिसायला सारखं की चढायला सारखं?
न्यायाधीश विचारतील. पंपवाला हात वर करील,
मला काय ठाऊक हे त्याच्यासारखं आहे?
पाऊण तास त्या एका शब्दावर गेला.
कॉफी दोनदा आली.

मग लॉर्ना शाट्झ. पहाटे हार्वीहून निघालेल्या,
अंगात अजून गाडीतलाच कोट.
हातात घडी घातलेला कागद होता, तो उघडला नाही.
कोल्बी सारखं म्हणत होता, पाय जळतायत.
सारखं. मी म्हटलं, मग मोजे काढ.
त्यानं बूट काढले, मोजे काढले,
आणि तळ्याच्या बर्फावर चालत गेला.
एवढं बोलून त्या खाली बसल्या.
प्रत्येकाला तीन मिनिटं होती. दोन उरली.
ती कुणाला द्यावीत, अध्यक्षांना कळेना.

संध्याकाळी त्या आमच्या दारात.
वाट चुकल्या असं वाटून मी लिफ्टकडं बोट केलं.
त्यांनी तोच कागद पुढं धरला. रक्ताचा अहवाल.
त्याच्यात जे सापडलं, ते तेव्हा यादीत नव्हतं.
आता आहे, मी म्हटलं. पान चार, ओळ एकोणीस.
दीड वर्ष झालं, त्या म्हणाल्या,
मला ह्याचं नावसुद्धा घेता येत नाही.
कसं वाचायचं?

ओडेलनं खुर्ची सरकवली.
मी ओळीखाली बोट ठेवलं.
कंस उघडा.
कंस उघडा, त्या म्हणाल्या.
पाच.
पाच.
आडवी रेघ, फ्लोरो.
इथं त्या अडल्या. मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा.
ओडेलची पेन्सिल तिच्या प्रतीवर
आमच्यामागून चालत होती,
ओळीच्या टोकाला पोचली, परत फिरली, आणि थांबली.
ऐका, ती म्हणाली,
इथं कंस बंद केलेलाच नाही.