खिशाचे वीस रुपये वेगळे

दुल्सिननं यादी लिहून दिली माझ्याच बिलाच्या पाठीवर.
तिच्या फ्रॉकचं बिल, साडेतीनशे, अजून बाकी.
तिचं मागच्या मेमध्ये झालं, डावीकडचं.
माझं उजवीकडचं.
सोमवारी बांबोळीला दाखल, मंगळवारी टेबलावर.

पहिल्या ओळीत तिनं लिहिलंय: उशी.
मोठी नको, काखेत मावेल एवढी.
"बाय, उशी विसरूं नाका."
परत येताना बाणस्तारीचा पूल ओलांडला
की साखळीपर्यंतचा एकेक खड्डा
तिला नावानिशी हाक मारत होता म्हणे.
उशी मी चिंध्यांची भरली.
खणाच्या, शिफॉनच्या, शाळेच्या गणवेशाच्या निळ्या,
बाजारातल्या सगळ्या बायका थोड्या थोड्या
आता माझ्या काखेखाली.

पुढून उघडणारे गाउन, तीन.
डोक्यावरून घालायचं काहीच नाही,
हात महिनाभर वर जाणार नाही.
बटणं नकोत, नाड्या,
डाव्या हाताला एकट्याला सुटतील अशा.
पॉपलीन घेतलं अबोलीच्या रंगाचं.
डाग दिसले तर दिसू देत.
आणि आतून, कमरेच्या वर, एक खिसा.

एकोणीस वर्षं बायका विचारत आल्या,
खिसा ठेवशील गं?
मी म्हणायचे, खिशाचे वीस रुपये वेगळे.
वीस म्हटलं की बहुतेकींचं राहू दे.
मी स्वतःलाही कधी ठेवला नाही.
सुट्टे पैसे, दुकानाची किल्ली, बसचं तिकीट,
सगळं ब्लाउजमध्येच, उजवीकडे.

आता ठेवला.
त्यात काय जाणार, तर नळीच्या टोकाची बाटली,
अंगातून झिरपणारं लालसर पाणी.
खिसा दुहेरी शिवला. कोपऱ्यांना पुन्हा टीप मारली.
माझ्या हातून खिसा फाटला असं व्हायला नको.

बाकी मग सोपं आहे.
फाइल, बायोप्सीचा कागद प्लास्टिकमध्ये,
आधार, विम्याचं कार्ड,
फुलपात्र, सपाता, पेजेसाठी झाकणाचा डबा,
लांब वायरचा चार्जर
(प्लग खाटेपासून लांब, दुल्सिननं खाली दोन रेघा मारल्यात).
कंगवा नको. वेणी सोमवारीच घट्ट घालायची,
आठ दिवस सोडायची नाही.
मंगळसूत्र घरी. कुड्या घरी.
नखांचं लाल खरवडून काढलं,
बोटाला चिमटा लावून ते काहीतरी मोजतात.

प्रेमानंद दारात उभा.
खाण बंद झाली तेव्हा त्याचा ट्रक असाच उभा होता अंगणात.
"कात्री घेतलीस?"
लग्नाला, जत्रेला, कुठंही निघालो
की तो हेच विचारतो.
नको, म्हटलं, तिथं त्यांची असते.
दोघंही हसलो. तो आधी थांबला.

शेवटी मापांची वही घेतली.
बाटलीत किती जमलं ते रोज लिहावं लागतं,
सकाळ, संध्याकाळ.
कमी झालं की नळी काढतात.
वहीत शेवटचं नाव कल्पिता गांवस,
मुंढा सोळा, बाही कोपरापर्यंत, गुरुवारी देणे.
ते गुरुवारी होणार नाही, तिला निरोप धाडलाय.
पुढच्या पानावर मी माझं नाव लिहिलं.
खांदा. मुंढा. उंची.
छातीभोवती टेप फिरवली आणि
मशीनच्या स्टुलावर नुसतीच बसून राहिले,
लिहायचं की नाही.
मग लिहिलं, अडतीस. पेननं.
एरवी मी मापं पेन्सिलीनं लिहिते,
बायका बदलतात.

पिशवीची चेन मध्येच अडकली.
तिच्यावर मेणबत्तीचं टोक घासलं, मग सरकली.
बाहेर पोदेराचा भोंगा.
सोमवारपासून दोन उंडे कमी,
त्याला सांगायचं राहिलंय.