माप

मनगट नुसतं बघितलं की सांगते मी,
सव्वादोन, अडीच, पावनेतीन.
वाढवणा, नळगीर, हेर, देवर्जन,
डोक्यावर काचेची पेटी, पायाखाली फुफाटा.
काच दिसायला हलकी.
दोन कोस चालून बगा.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हनत न्हाईत,
वाढवली म्हनतात.
सासूनं शिकवलेलं पयलं वाक्य ते.
दुसरं तिनं तोंडानं शिकवलं न्हाई,
चौथ्या बाळंतपनाच्या अकराव्या दिशी
पेटी उचलून मपल्या डोक्यावर ठिवली.

तवापासून काहीतरी खाली उतरत गेलं.
आधी शिंकेला, मग चढाला, मग बसता उठता,
लिंबाएवढं, पुढं पेरूएवढं.
हातानं आत सारायचं, पदर खोचायचा, हाळी द्यायची:
बांगड्याऽ य हो बांगड्या!
जुन्या पातळाच्या दोन घड्या,
एक अंगाला, एक वाळायला,
ती बी दुसऱ्या धुण्याच्या खाली झाकून.
एकवीस वर्सं.
नवऱ्याला ठावं व्हतं. त्यानं बाज अंगनात नेली.
तो गेला तवा मपल्या हातातल्या मीच वाढवल्या,
परक्या हातानं नको म्हनलं.

लातूरला मंगळवारी, सात नंबरची खोली,
पाटीवर लांबलचक नाव,
बाकड्यावर बाया भिंतीकडं तोंड करून,
जनू एकमेकीची उसनवारी थकलीय.
देगलूरकर मॅडम म्हनल्या, काय होतंय मावशी?
जिभेवर एवढंच आलं:
आतलं कायतरी वाढवलंय.
त्या हसल्या न्हाईत. लिहून घेतलं.

मग पडदा, थंडगार रेक्झिन.
"सैल सोडा मावशी. अजून सैल. श्वास धरू नका."
आन् मला रडूच फुटलं,
कारन ते वाक्य मपलं व्हतं.
उंबऱ्यावर, मांडवात, हजार पोरींना म्हनलेलं,
सैल सोड ग, अंगठा आत घे, बग कशी सरकती.
मला कुनी म्हनलं नव्हतं.

ट्रेमधी कडी मांडलेली, चढत्या मापाची,
मऊ, पांढरी, न वाजनारी.
एक घातली, खोकायला लावलं, चालवलं,
उकिडवं बसवलं. निसटली.
दुसरी टोचली.
तिसरी बसली, आन् ती हाय हे कळंना सुदिक.
मी म्हनलं, अडीच?
मॅडम म्हनल्या, आमच्यात पासष्ट म्हनतात,
पन व्हय, अडीचच.
आपरेशन बी हाय, घाई न्हाई, तुमी ठरवा.
तीन महिन्यांनी या, काढून धुवून परत घालू.

शेजारच्या खोलीत एक पोरगी शिकवते:
लघवी अडवल्यावानी आतून वर ओढा,
दहा मोजा, सोडा.
मी बारा मोजते. डझनाची सवय.

सात वर्सं हातात काच न्हाई.
रांडव बाईच्या हातून नको म्हननारे बी हायेत.
त्यांच्या दारावरून मी आता ताठ जाते,
माप नीट बसल्यावर चाल बदलती,
हे मनगटाला ठावं नसतं.

परवा नळगीरात एक सून,
हात पुढं केला पन एका कुशीवरच टेकलेली,
शिंक आली तशी मांड्या आवळल्या.
मनगट हातातच व्हतं. हळूच इचारलं,
खाली जड जड वाटतं का ग?
तिनं हात वढला. एक बांगडी वाढवली.
मी काच गोळा केली, तिचे पैसे धरले न्हाईत,
पेटी बांधली.

पायरी उतरताना मागून आवाज,
मावशी, लातूरची सकाळची गाडी
कितीला असती?