दुसऱ्या बाजूचा तिसरा तुकडा

वुच शहरात, पिओत्रकोव्स्का रस्त्याच्या एका बोळात,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईच्या शेजारी
लुदोमिरचं दुकान. तीन पायऱ्या खाली,
बाराही महिने ओल्या स्वेटरचा वास,
आणि भिंतभर सिनेमांचं पार्श्वसंगीत.
सिनेमा मात्र एकही नाही.

मी ट्राम चालवतो. पगाराच्या शुक्रवारी
चाळीस झ्लोटी वेगळे काढतो.
तबकडी महिन्याला एकच.
दोन आणल्या तर बायको काही बोलत नाही,
आणि तेच वाईट.

लुदोमिर म्हणतो, आधी पाकीट पालथं कर.
नटी पुढे असते, खरं काय ते मागे.
बत्तीस तुकडे, एकेक पाऊण मिनिटाचा?
ठेव खाली. ती नुसती कोथिंबीर आहे,
भाजी सिनेमातच राहिली.

आणि पहिला तुकडा ऐकायचाच नाही.
पहिल्यात सगळेच इस्त्रीचा सदरा घालून येतात.
सुई ठेव दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या तुकड्यावर,
इथवर कोणी पाहुणा येईल
असं संगीतकाराच्या मनातही नसतं.
तिथे घर आवरलेलं दिसलं
तर पुढचं बोलू.

डोळे मीट. घोडे दिसले? धूर दिसला?
मग ते चित्राला रेलून उभं आहे,
घरी नेलंस की पडेल.
काहीच दिसलं नाही, नुसतं
बसून राहावंसं वाटलं, तर किंमत विचार.

असे त्याने माझे किती पैसे वाचवले
आणि स्वतःचा किती गल्ला बुडवला.

नोव्हेंबरात खालच्या खोक्यात
एक पाणबुडीवाली सापडली.
सिनेमा दोन आठवडेही टिकला नव्हता म्हणे.
पाकिटावर चहाच्या कपाचं गोल.

ती नको, तो म्हणाला.
का?
ढोल बडवलेत नुसते. भाडं थकलं की माणूस
असं काम करतो.

तरी त्याने ती लावली.
थेट दुसरी बाजू, मध्येच कुठेतरी,
चाचपडता, अंदाज घेता काहीच नाही,
आपल्याच घरचा जिना अंधारात उतरावा तशी सुई.

ढोल. ढोल. मग चार सेकंद
सगळा वाद्यवृंद श्वास रोखून,
आणि त्या शांततेत
कागद उलटल्याचा आवाज.

"हाल्श्का," तो म्हणाला. "व्हायोला, दुसरी रांग.
पान उलटायची तिला कायमच घाई.
पुन्हा घ्यायला हवं होतं खरं तर,
पण स्टुडिओ सहाला रिकामा करून द्यायचा होता."

ढोल पुन्हा सुरू झाले.
वाईटच होते.

पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने किंमत:
दोनशे खोडून पाचशे,
पाचशे खोडून नऊशे.

मी दुसरी घेतली, सगळ्या कसोट्यांना उतरलेली.
अकरा तुकडे, एक समंजस क्लॅरिनेट,
तिसऱ्या तुकड्यात घर लख्ख आवरलेलं.
बायकोने विचारलं, कशी आहे?
चांगली आहे, म्हणालो,
आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत
वाद्यांच्या मधल्या फटींना कान लावून बसलो.
कुणी खाकरलं नाही.
कुणाची खुर्ची करकरली नाही.
इतकी स्वच्छ.

डिसेंबरात ती परत विकायला नेली.
लुदोमिरने दिव्याखाली तिरकी धरून
चरे शोधले, माझी ओळखच नसल्यासारखे,
आणि पंधरा झ्लोटी मोजले.

"किती वेळा वाजवलीस?"
एकदाच.
"मग वीस घे."